उताराचा वाद

हेमाताई गायधनी आपल्या सायकल गटाच्या नेहमीच्या मिसळीच्या टेबलाशी पोचल्या तेव्हा फ्रान्सची सायकल शर्यत यंदा कोण जिंकणार, यावर वाद रंगला होता. त्यांना पाहताच सगळे गप्प झाले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांची सायकल कायमची बंद केली होती. आज त्या रिक्षाने आल्या होत्या.

"बसा ताई," म्हणत बागुलांनी खुर्ची ओढली. मग कुणी पावसाचं काढलं, कुणी तर्रीचं. दर वर्षी टप्प्याटप्प्यावरून त्यांच्याशी तावातावाने भांडणारी ही माणसं आज आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखी जपून बोलत होती. ताईंना वाटलं, उगाच आले.

शेवटी त्यांनीच विषय काढला. "तो कोलंबियाचा नवा पोरगा जिंकणार. डोंगरात त्याला कुणी गाठत नाही."

"असेल, असेल," दोघातिघांनी माना डोलावल्या.

"असेल काय? पटत नसेल तर सांगा की."

बागुल थोडा वेळ पाव कुस्करत राहिले, पण त्यांना राहवेना. "नाहीच पटत. चढतो झकास, पण उतारावर त्याचा हात ब्रेकवरून निघत नाही. सगळं तिथे घालवणार तो."

"उतारावर जपून जाणं म्हणजे घाबरणं नव्हे."

"ताई, तुम्हाला शर्यतीतलं काही कळत नाही."

बागुलांनी जीभ चावली. शस्त्रक्रियेपासून ताईंशी असं कुणीच बोललं नव्हतं. त्यांना हसू आवरेना. खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "बरं, आता माझं ऐका."