मधला खण रिकामा

ट्रेचा मधला खण रिकामा होता. डावीकडे रौप्य, उजवीकडे कांस्य, आणि मध्ये नुसती निळी मखमल.

खारूताईने झाकण मिटलं, डोळेही मिटले, मग दोन्ही उघडून पुन्हा बघितलं. मखमलच! खारूताई म्हणजे या स्पर्धेची पदकं सांभाळणारी पोरगी. सारखी तुरुतुरु पळते म्हणून सगळे तिला खारूताईच म्हणायचे. पण आत्ता तिला जागचं हलता येईना. बाहेर मैदानात लांब उडीचा निकाल लागला होता, लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि जिचं हे सुवर्ण ती अंगावरची वाळूबिळू झटकून आता येणारच होती.

मग काय, एकच धांदल. टेबलाखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, फुलांच्या बादल्या उपसल्या, कचऱ्याचा डबा पालथा केला. खारूताईने तर सँडविचसुद्धा उघडून बघितलं.

"शेवटचं कोणाच्या हातात होतं?" तिने कपाटवाल्याला विचारलं. पदकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असायची.

"तुझ्याच की. सकाळी तीनही तुलाच दिली ना मी?"

खरं होतं. आणि तेच वाईट होतं. स्पर्धेचे सोहळे पार पाडणाऱ्या या कंपनीत कित्येक वर्षं तिने खुर्च्या उचलल्या, पाण्याच्या बाटल्या मांडल्या, पाहुण्यांच्या छत्र्या धरल्या, तेव्हा कुठे ट्रे हातात आला होता. तिच्या आईने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं, आज टीव्हीवर ट्रे दिसला ना, की तो आमच्या पोरीचा.

कपाटवाल्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून काहीतरी काढलं. सुवर्णपदक!

"हे रिलेवाल्यांचं. एक जास्तीचं असतं. तोच आकार, तीच फीत. मागे फक्त खेळाचं नाव वेगळं. गळ्यात पडल्यावर मागची बाजू कोण बघतंय?"

खारूताईने ते घेतलं. खणात ठेवलं. असं चपखल बसलं म्हणता! ट्रे कसा भरलेला दिसायला लागला. तिने श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आतच तिचं तोंड उतरलं.

"ती बघेल ना."

"कोण?"

"तीच. घरी जाऊन आईला दाखवेल. आई उलटंपालटं करून बघणारच. आया बघतातच."

"अगं बये, मग नंतर देऊ बदलून!"

"आणि सापडलंच नाही तर?"

"नोकरी जाईल तुझी!"

"जाईल," खारूताई म्हणाली. ट्रे त्याच्या हातात कोंबला आणि निघाली.

कंपनीचे सर वरच्या मजल्यावर होते. तिथे वेगळाच थाट. खेळांवरची मोठी परिषद चालू होती, देशोदेशीचे मंत्री, खेळसंघांचे अध्यक्ष, झाडून सगळे आलेले. आत फोन बंद, वॉकीटॉकी बंद. सरांना सांगायचं तर जाऊनच सांगायला हवं. जिना चढता चढता ती वाक्य घोकत होती. सर, पदक माझ्याकडून हरवलं. सर, पदक माझ्याकडून हरवलं. 'माझ्याकडून' आलं की दरवेळी पायरी चुकायची.

परिषदेच्या दारात धातू तपासणारी चौकट होती. खारूताई आत शिरली.

टूं!

"वॉकीटॉकी काढून ठेव," दारावरची मावशी म्हणाली.

काढला. टूं! किल्ल्यांचा जुडगा काढला. टूं! कमरेचा पट्टा काढला, आता पँट एका हाताने धरलेली. तरी टूं!

"मावशी, सोडा ना! माझी नोकरी जायला उशीर होतोय!"

"जाईल गं, सावकाश जाईल," मावशी म्हणाली आणि हातातलं यंत्र तिच्या अंगावरून फिरवायला लागली. छातीपाशी ते असं केकाटलं की आतल्या दोन मंत्र्यांनी माना वळवल्या.

"जॅकेटची चेन उघड."

उघडली. मावशीने वाकून बघितलं. मग खारूताईकडे बघितलं, चांगलं आदराने.

"अगं बाई! तुला कशात मिळालं हे?"

आता झालं होतं असं. सकाळी कॅमेऱ्यांसाठी तालीम झाली. तेव्हा खरे विजेते कुठून असणार? पडद्यामागची माणसंच विजेत्यांच्या पायऱ्यांवर उभी राहतात. मधल्या पायरीवर खारूताई. गळ्यात पदक, हात हलवतेय, नसलेल्या लोकांना हसून दाखवतेय. तेवढ्यात फुलं आली म्हणून कोणीतरी हाक मारली. ही जॅकेट चढवून पळाली ती पळालीच. गळ्यात आधीच दोन ओळखपत्रं, हेडफोन, वॉकीटॉकी, किल्ल्या. त्या गुंत्यात एक फीत जास्त झाली, तर कळणार कसं?

खारूताईने मावशीचा गालगुच्चा घेतला आणि पट्टा, किल्ल्या, सगळं तिथेच टाकून जिना उतरली. म्हणजे जवळजवळ घरंगळलीच. खाली वाजंत्री सुरू झाली होती. कपाटवाला ट्रे छातीशी धरून पांढराफटक उभा.

"कुठे होतं?"

"नंतर!"

तिने रिलेचं पदक काढून त्याच्या खिशात टाकलं, स्वतःच्या गळ्यातलं उतरवून खणात ठेवलं, आणि एका हाताने ट्रे, दुसऱ्या हाताने पँट सावरत उजेडात गेली.

पाहुण्यांनी पदक उचललं. लांब उडीवालीने मान झुकवली. टाळ्या कोसळल्या. तिने पदक मुठीत धरलं, आणि एकदम थबकली. मग शेजारी उभ्या असलेल्या खारूताईकडे झुकून हळूच म्हणाली,

"आजवर मिळालेलं प्रत्येक पदक हाताला गार लागलं गं. हेच एक उबदार आहे."