दहापैकी दहा

"तिप्पट किंमत! आणि कशासाठी, तर सहा तारांसाठी!" बायकोने पाकीट नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. "सोन्याचा मुलामा आहे का याला?"

"मुलामा नाही, पातळ थर असतो. त्यामुळे तारा गंजत नाहीत, बोटं सरसर फिरतात, आणि आवाज तर असा खुलतो..."

"आवाज तोच. खुलतोस तू."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा वर्षं माळ्यावर पडलेली इलेक्ट्रिक गिटार त्याने गेल्या वर्षी खाली काढली होती. आता दर रविवारी तो चार मित्रांबरोबर एका गॅरेजमध्ये वाजवायला जायचा आणि सोमवारी शिट्टी मारत कामावर निघायचा. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. पुराव्याशिवाय तिचा स्वतःच्या तापावरही विश्वास बसत नसे.

"करू या परीक्षा," ती म्हणाली. "पण तू नाही सांगायचंस. तुला बोटांनी कळेल. ऐकणारा तिसरा हवा."

"कर! हरलो तर गिटार विकून टाकीन!"

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण शब्द सुटला होता, आणि बायकोने तो वरच्यावर झेलला होता.

तिसरा माणूस घरातच होता. तिचे वडील आदल्या दिवशीच आठवडाभर राहायला आले होते. पस्तीस वर्षं त्यांनी कापड गिरणीत फिटर म्हणून काढली. दोनशे मागांपैकी कुठल्याचा स्क्रू सैल झालाय, हे ते म्हणे दारातून सांगायचे. हल्ली मात्र बोलणं कमी झालं होतं. फोन उचलत नसत, मेसेज करा म्हणत. म्हातारपणी माणूस जरा तिरसट होतोच, असं लेकीने स्वतःला समजावलं होतं.

"बाबा, तुमचे कान हवेत," ती त्यांच्यासमोर बसून म्हणाली आणि सगळं नीट सांगितलं.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मिशीत हसले. "म्हणजे मी चुकलो तर जावईबापूंची गिटार जाणार? मोठीच जोखीम टाकलीस गं, चिमणे."

एका मित्राकडून त्याच बनावटीची दुसरी गिटार आणली. एकीवर महागाच्या तारा चढवल्या, दुसरीवर स्वस्त. अॅम्प एकच, त्याची बटणंही चिकटपट्टी लावून पक्की केली. खोलीत आडवी दोरी बांधून बायकोने चादर टाकली. ती खाली वीतभर आखूड पडली.

"असू दे," ती म्हणाली. "हात दिसत नाहीत ना? मग झालं."

ती चादरीच्या कडेला वही घेऊन उभी राहिली. दर फेरीला नाणं उडवायची आणि कुठली गिटार घ्यायची ते नवऱ्याला बोटाने दाखवायची. दहा फेऱ्या, दर वेळी तीच एक धून.

"बाबा, आवाज वाढवू का?" चादरीमागून नवऱ्याने विचारलं.

बाबा मान खाली घालून ध्यानस्थ बसले होते. उत्तर आलं नाही.

"त्यांची तंद्री मोडू नकोस," बायको कुजबुजली. "वाजव."

पहिली धून संपली. बाबांनी मान वर केली. "महाग."

बरोबर. बायकोने वहीत खूण केली आणि पुढचं नाणं उडवलं.

"स्वस्त." बरोबर. "स्वस्त." बरोबर. "महाग."

पाचव्या फेरीपर्यंत बायकोला वाटत होतं, योगायोग. सातव्या फेरीला तिने नाणं उलटंपालटं करून पाहिलं. नवव्या फेरीला चादरीमागे नवऱ्याला घाम फुटला होता, कारण आता एक चूक झाली असती तरी ती त्याच्या जिव्हारी लागली असती.

दहावी धून झाली. बाबांनी जरा वेळ घेतला, गुडघ्यावर हात आपटला आणि म्हणाले, "महाग! छातीठोक सांगतो."

नवरा चादर ओढत, दोरी तोडत बाहेर आला आणि थेट सासऱ्यांच्या पायांवर पडला. "दहापैकी दहा! बाबा, कान आहेत की दुर्बीण!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," बाबा म्हणाले. "तिला विचार."

बायकोने वही मिटली. तिला हरण्याची सवय नव्हती, पण आकड्यांशी भांडण्याचीही नव्हती. "घे. यापुढे महागाच्याच घे. त्यावरून मी एक शब्द बोलणार नाही."

नवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मित्राची गिटार परत करायचं निमित्त काढून तो सगळ्यांना बातमी सांगायला पळाला. जिन्यातून त्याची शिट्टी तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिली.

बाबा खिडकीशी जाऊन, खोलीकडे पाठ करून उभे राहिले. बायको ओट्यापाशी कप धूत होती. इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पण असा चोख निकाल तिने कधी पाहिला नव्हता.

"बाबा, चहा टाकू का?"

बाबा हलले नाहीत.

"बाबा! चहा!"

काहीच नाही. तेवढ्यात ओल्या हातातून स्टीलचा ट्रे सटकला आणि फरशीवर घणघणत गोल फिरला. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. बाबा शांतपणे खाली रस्त्यावर बघत होते.

ती हात तसेच ओले घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते हसले.

"त्याला सांगू नकोस, चिमणे. कान मागांनी कधीच खाल्ले, दोन वर्षांत एक सूर ऐकलेला नाही. पण महागाच्या तारा हातात आल्या की तुझ्या नवऱ्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या."