अनुस्वारांची तपासणी

“मारा पाणी, अहो! हात आखडू नका!” ट्रकच्या पोटातून बायकोचा आवाज आला.

हात आखडण्याचा प्रश्नच नव्हता. शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून अनुस्वार ट्रकच्या छतावर पाइपनं असं पाणी सोडत होते, की बघणाऱ्याला वाटावं आग लागली आहे. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याची चूक त्यांना पान उलटायच्या आधी दिसायची, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचं नाव अनुस्वार ठेवलं आणि ते गल्लीपर्यंत पोचलं.

ट्रक पूर्वी पाव पोचवायचा. वर्षभर खपून त्यांच्या धाकट्या बहिणीनं आणि बायकोनं त्याचं घर केलं होतं. बहिणीचं पत्र्याच्या कामाचं दुकान, त्यामुळे कापणं-जोडणं तिचं. बायकोनं शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता. छडीनं दाखवलेल्या नद्या आता तिला डोळ्यांनी बघायच्या होत्या. उद्या सकाळी दोघी दोन महिन्यांसाठी निघणार होत्या. फक्त छताच्या झडपेतून आतापर्यंत दोनदा पाणी आलं होतं. “तिसऱ्यांदा गळलं तर जाणं रद्द,” असं बायकोनं स्वतःच जाहीर केलं होतं.

“त्या डब्यात मी पाऊल ठेवणार नाही,” हे अनुस्वारांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि वर्षभर ते पाळलंही होतं. पण आज सकाळी बायको म्हणाली, “चूक काढायला तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?” तेव्हा चहा अर्धा टाकून ते शिडी आणायला उठले.

गळू दे, ते मनात म्हणत होते. एक थेंब. जास्त नको.

“बास, दादा!” बहीण ओरडली. “आता आत येऊन बघ.”

अनुस्वार खाली उतरले, पायपुसण्यावर पाय पुसले आणि पहिल्यांदाच आत चढले. आत नव्या लाकडाचा वास होता. हातभर रुंदीचा ओटा, त्यात बसवलेली शेगडी, धक्क्यानं उघडू नयेत म्हणून खणांना खिट्ट्या, खिडकीला निळा पडदा. हे सगळं न पाहिल्यासारखं करून त्यांनी चष्मा चढवला. खिशातून टिपकागद काढला. झडपेच्या चारी कडांवरून, प्रत्येक स्क्रूवरून, पत्र्याच्या सांध्यांवरून तो दाबत दाबत नेला. दोघी श्वास रोखून उभ्या. कागद कोरडा ठणठणीत.

टप्प.

बाकाच्या लाकडावर थेंब पडला.

तिघांनीही तो पाहिला. बायकोचा चेहरा उतरला. ती बाकाच्या कडेला टेकली. बहिणीनं हातातला पाना हळूच खाली ठेवला.

थेंब कुठून आला ते एकट्या अनुस्वारांना माहीत होतं. हात वर धरलेला होता आणि बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. काही बोलायचीही गरज नव्हती, गप्प राहिलं की झालं असतं. उद्या सकाळी घर जसंच्या तसं राहिलं असतं. पेपर दोघांनी वाटून वाचला असता. संध्याकाळी बायको परतल्यावर दाराची कडी वाजली असती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो चुका दाखवल्या होत्या, पण नसलेली चूक एकदाही दाखवली नव्हती.

“माझ्या बाहीतून पडला तो,” ते म्हणाले. “छत कोरडं आहे.” मग घसा साफ करून, पूर्वी शेवटच्या मुद्रितावर लिहायचे तसं म्हणाले, “छापायला हरकत नाही.”

बहिणीनं अशी आरोळी ठोकली की ट्रकचा पत्रा घुमला. वहिनीला तिनं उचललंच. एवढ्याशा जागेत दोघी गरगर फिरल्या आणि ओट्यावरचं पातेलं खाली आलं.

“पाइप गुंडाळून येतो,” म्हणत अनुस्वार दाराकडे वळले. त्यांना आपला चेहरा कुणाला दाखवायचा नव्हता.

“थांब. अजून एक तपासायचं राहिलंय.” बहिणीनं खिडकीवरची खिट्टी ओढली. भिंतीतून एक फळी दोन साखळ्यांवर अलगद खाली आली. तिच्यावर गादी होती. “झोप.”

“ओल्या कपड्यांनी?”

“झोप म्हणते ना!”

अनुस्वार चांगलेच उंच होते. प्रत्येक पलंगावर त्यांचे पाय बाहेर लोंबायचे. इथे मात्र डोकं बरोबर उशीवर आलं, आणि टाचांपुढे चार बोटं जागा उरली.

“माझं माप कधी घेतलंत?”

“दुपारी घोरत असतोस तेव्हा. टेपचं एक टोक वहिनीनं धरलं, एक मी.”

“आणि मला विचारायचं नाही?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात,” बायको म्हणाली. “चूक काढायला बोलावलं तर धावत आलात.”

सवयीनं ‘नाही’ ओठांवर आलंच होतं. ते तसंच गिळून अनुस्वार छताकडे बघत पडून राहिले. मग हात लांबवून साखळी चाचपत म्हणाले, “ह्या डावीकडच्या साखळीला एक कडी जास्त आहे.”

“वाटेत काढू,” बहीण म्हणाली.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या घड्याळवाल्यानं हाक दिली, “काय हो अनुस्वार, शेवटी गळतंय ना?”

निळा पडदा बाजूला झाला. खिडकीतून ओलं डोकं बाहेर आलं.

“आमच्या गाडीला काय धाड भरलीय गळायला?”