रत्नप्रभाबाईंचा मॉनिटर

"अम्मांना हा पुरे," असं म्हणत व्यंकटेशनं एका साध्या मॉनिटरवरून फडकं फिरवलं. "मेल बघा, मालिका बघा, गावाकडच्या माणसांशी बोला. एकदम फर्स्ट क्लास."

"मी गाडी चालवते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

व्यंकटेशला काही उमजेना. त्यानं त्यांच्या मुलाकडे पाहिलं. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात खोक्यांच्या उतरंडीला टेकून उभा असलेला गंधार कसनुसं हसला.

"गेम," तो म्हणाला. "शर्यतीचा. ऑनलाइन खेळते."

रत्नप्रभाबाईंनी शेजारच्या मॉनिटरकडे बोट केलं. "मला तो हवाय. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला. माझ्या पेन्शनमधून घेतेय."

"आई, घरी बोलणं झालंय ना आपलं यावर?" गंधारनं आवाज खाली आणला. ओरगडमच्या कारखान्यात तो गाड्यांच्या चाचण्या घेत असे, आणि घरात साधा मिक्सर आणायचा तरी आधी चार दिवस त्यावर वाचत बसे. "कॉम्प्युटर कधी भरभर चित्रं पाठवतो, कधी हळू. हा मॉनिटर आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो, एवढंच. स्पर्धा खेळणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग. साठीनंतरच्या डोळ्यांना तो फरक कळतसुद्धा नाही."

"कुणाच्या डोळ्यांना?"

"सगळ्यांच्याच. मी वाचलंय."

"माझ्या डोळ्यांबद्दल कुठं छापून आलंय, तेवढं दाखव."

सांगलीच्या एका प्रयोगशाळेत तेहेतीस वर्षं त्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासले होते. घरच्या मॉनिटरवर गाडी भरधाव वळणाला लागली की चित्र मधोमध फाटतं, खांबाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे दिसतं, आणि नेमका तिथंच ब्रेक चुकतो, हे त्यांनी गंधारला तीनदा दाखवलं होतं. तिन्ही वेळा त्यानं चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या मॉनिटरसमोर बसल्या. गिऱ्हाइकांना दाखवायला त्यावर शर्यतीचाच एक गेम लावून ठेवलेला होता.

"माझी परीक्षा घ्या," त्या व्यंकटेशला म्हणाल्या. "मी डोळे मिटते. तुम्ही ते सिंक चालू करा नाहीतर बंद करा, तुमची मर्जी. मग मी गाडी चालवते आणि काय केलंत ते सांगते."

दुकानात आधीच दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तीही येऊन मागं उभी राहिली. व्यंकटेशनं सेटिंग बदललं. रत्नप्रभाबाईंनी गाडी सोडली, दुसऱ्या वळणावर म्हणाल्या, "बंद."

बरोबर होतं.

"चालू." तेही बरोबर.

तिसऱ्या वेळी त्यांनी अर्ध्या फेरीतच ब्रेक दाबला. "काही बदललंच नाहीत तुम्ही. नुसती बटणं वाजवलीत."

मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. व्यंकटेशचे कान लाल झाले. चौथं बरोबर आलं, पाचवंही. सहाव्या वेळी त्यानं मॉनिटरची बटणंही दाबली, माउसही बराच वेळ हलवला. रत्नप्रभाबाईंनी डोळे उघडले, गाडी दामटली आणि म्हणाल्या, "बंद."

"चुकलात, अम्मा." व्यंकटेशला हायसं वाटलेलं लपत नव्हतं. "आता चालू आहे. मी स्वतः केलंय."

"इल्लै," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. चेन्नईत आल्यापासून त्यांनी जे मोजके तमिळ शब्द कमावले होते, त्यांतला 'नाही' हा सर्वांत कामाचा निघाला होता.

व्यंकटेशनं मॉनिटरचा मेनू उघडला. तिथं ठळक अक्षरांत 'चालू' असंच होतं. बघणारी मंडळी पांगायला लागली.

"पाच आले ना बरोबर? पुष्कळ झालं," गंधार म्हणाला. "ऊठ आता."

"तिथं काय लिहिलंय ते मी विचारत नाहीये. चित्र फाटतंय."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही घ्यायचा असेल."

त्या उठल्या नाहीत. त्यांनी तेच वळण पुन्हा घेतलं, परत मागं येऊन पुन्हा घेतलं. मग कारखान्यात करत असे तसंच गंधारनं माउस हातात घेतला आणि कॉम्प्युटरमधली सेटिंग्ज एकेक करून उघडली. एका ठिकाणी त्याचा हात थांबला.

"मॉनिटरवर चालू केलंय तुम्ही," तो व्यंकटेशला म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये बंदच राहिलंय. दोन्हीकडे लागतं ते."

व्यंकटेशनं वाकून पाहिलं. मग वरच्या फळीवरून नवं खोकं उतरवायला शिडी ओढली.

गंधारनं सेटिंग चालू केलं आणि आईच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"कळतो तुला फरक. मान्य," तो म्हणाला. "पण खरं सांग, या वयात तुला कुठं जिंकायचंय?"

"मग काय हरायला बसते?"

रत्नप्रभाबाईंनी नवी शर्यत सुरू केली. अकरा गाड्या पुढं होत्या. त्या एकीला मागं टाकत होत्या, मग दुसरीला. गंधार पहिल्यांदाच आईचे हात बघत होता.

व्यंकटेश बिल आणि खोकं घेऊन आला. "चला अम्मा, झालं," म्हणत त्यानं गेम बंद करायला हात पुढं केला.

रत्नप्रभाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता कोपरानं तो हात बाजूला सारला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं अजून एक आहे."