दोनदा ब्रेक

स्टिअरिंगजवळच्या छोट्या डब्यावरचा लाल दिवा पुन्हा दोनदा लुकलुकला आणि धोंडिरामने मान उंचावून पुढे बघितलं. थांबा यायच्या जरा आधी पुढच्या बसने दोनदा ब्रेक टेकवला होता. प्रत्येक थांब्याला हेच. पोरीचा पाय लटपटतोय.

पोर म्हणजे त्याचीच मुलगी, प्रियंका. मरोळ ते घाटकोपर, आज तिची एकटीची पहिली फेरी. माझ्या मागे मागे यायचं नाही, डेपोत सगळे हसतील, असं तिने सकाळीच बजावलं होतं. धोंडिरामने शहाण्यासारखी मान डोलावली आणि गुपचूप मिथुन ड्रायव्हरशी ड्युटी बदलून तिच्या मागची बस घेतली. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस, पण आज जीव टांगणीला लागला होता.

दोन्ही बसमध्ये चाचणीसाठी नवे डबे बसवले होते. मोबाइल नाही, टॉवर नाही, बस थेट बसशी बोलते. मधे टेम्पो येवो की रिक्षा घुसोत, पुढचीने ब्रेक लावला की मागचीला लगेच कळतं. त्याला ही सोय फार आवडली. लेक दिसत नव्हती, तरी जवळच होती.

असल्फ्याला घराखालून जाताना तो रोज बायकोसाठी, शकुसाठी, दोनदा हॉर्न वाजवी. आज बोट मागे घेतलं. प्रियंकाने तो हॉर्न ओळखला असता. खिडकीत उभी शकु बिचारी बघतच राहिली.

पुढच्या थांब्याला परत दोन ब्रेक. घाटकोपरला चाचणीवाले साहेब विचारणार, डब्यावर काय दिसलं? खरं सांगावं तर पोरीची रवानगी पुन्हा ट्रेनिंगला. लपवावं तर बसमधल्या माणसांच्या जिवाशी खेळ. स्टेशन येईपर्यंत त्याने ठरवलं, खरंच सांगायचं. पण आधी तिला विचारायचं.

ती बसच्या दारातच उभी होती. त्याला बघून जराही दचकली नाही.

"पाय लटपटत होता का गं?" त्याने हळूच विचारलं.

प्रियंकाने आपल्या डब्याकडे बोट केलं. त्यावर मागच्या बसचा नंबर होता आणि खाली चालकाच्या बिल्ल्याचा. तो बिल्ला लहानपणापासून तिनेच पुसून लख्ख केला होता.

"मरोळपासून दिसताय तुम्ही. पाय नव्हता लटपटत, पप्पा. तुम्ही रोज दोनदा हॉर्न देऊन आईला सांगता ना, मी ठीक आहे म्हणून? तेच तुम्हाला सांगत होते."