चार दिवसांचं ऊन

२०१९च्या जुलैत हॅम्बर्गमधल्या एका वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर पारा सदतीसवर होता. दोन आजोबांना सकाळीच रुग्णवाहिकेतून हलवलं होतं. परिचारिका यशोधरानं पुन्हा तक्रार करताच व्यवस्थापक हसला. "चार दिवसांचं ऊन! तुम्ही भारतातल्या, तुम्हाला काय त्याचं?" "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना छपराखाली भाजत ठेवत नाहीत," ती म्हणाली. एसी फक्त खालच्या सभागृहात होता. दुपारी तिथं व्यवस्थापक देणगीदारांना वृद्धसेवेच्या स्लाइड्स दाखवत होता. यशोधरानं दार उघडून अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फ्राऊ ब्रांट आजींची चाकाची खुर्ची आत ढकलली. सहकाऱ्यांनी आणखी सहा आणल्या. "मीटिंग चालू आहे!" तो ओरडला. "चालू द्या. तुम्ही यांची किती काळजी घेता, ते यांनाही कळू दे." फ्राऊ ब्रांटनी व्यवस्थापकासमोरचा थंड पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा केला आणि त्याच्याकडे न बघताच पुढे धरला. "आणखी."