मिसरोदचा फोन

ऑटो नीट थांबायच्या आधीच रत्नप्रभाबाईंनी पाय खाली टाकला.

"आई, हळू!" सुचेता मागून ओरडली.

शहराच्या टोकाला, मिसरोदला असलेल्या या वृद्धाश्रमातून सकाळी फोन आला होता. रस्त्यावर सापडलेले एक आजोबा आहेत, नाव सांगता येत नाही, पण मराठी बोलतात. पाठवलेला फोटो धूसर होता, दाढी वाढलेली. कपाळ मात्र बाबांसारखं वाटत होतं. सुचेतानं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. निघताना आईनं क्वार्टरची किल्ली शेजारच्या वंदनाकडे ठेवायला लावली. न जाणो, आपण तिकडे गेलो आणि हे इकडे आले तर?

सुचेताचे बाबा, मनोहर टेंभेकर, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. मागच्या हिवाळ्यात, दुपारी जेवण झाल्यावर, केस कापून येतो म्हणून आनंद नगरला निघाले. दुकानात पोचलेच नाहीत. पोलीस झाले, रेल्वे स्टेशन झालं, सगळे दवाखाने झाले, शवागारसुद्धा झालं. कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठानं हिंडली. चप्पलदेखील सापडली नाही.

अंगणात उन्हाला एक बाक होता. त्यावर आजोबा पाठमोरे बसले होते. रत्नप्रभाबाई पायरीवरच थांबल्या. पाठीवरूनच त्यांना कळलं, हे ते नव्हेत.

सुचेता पुढे जाऊन चेहरा बघून आली. "ये बाबा नहीं हैं," ती सोबत आलेल्या आश्रमाच्या व्यवस्थापकांना म्हणाली. "चल, आई."

पण आजोबांनी मान वळवली होती. रत्नप्रभाबाई दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"किती उशीर केलास गं!"

"सबको यही बोलते हैं," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "बुरा मत मानिए, आंटी."

रत्नप्रभाबाई बाकाच्या कडेला टेकल्या. आजोबांनी सरकून जागा करून दिली. समोर दोरीवर पांढरे सदरे वाळत होते. दोघं त्यांच्याकडे बघत राहिले. सुचेतानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"कुठे गेला होतात?" रत्नप्रभाबाईंनी अचानक विचारलं.

आजोबांना नवल वाटलं. "मी कुठे जाणार? तूच दिसेनाशी झालीस."

रत्नप्रभाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"रडू नको. आलीस ना आता? चल, घरी जाऊ." आजोबा त्यांचं मनगट धरून उठू लागले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. रत्नप्रभाबाईंनी त्यांना सावरून पुन्हा बसवलं.

"जेवलात का?"

"जेवलो."

"मग ऊन आहे तोवर बसा."

"आणि तू?"

रत्नप्रभाबाईंनी आजोबांच्या मफलरची गाठ नीट केली आणि मनगट हळूच सोडवून घेतलं.

फाटकापाशी येईतो सुचेताला रडू आवरेना. "बेकारच आलो. तुला आणायलाच नको होतं मी."

रत्नप्रभाबाई मात्र मागे वळल्या आणि व्यवस्थापकांपाशी गेल्या.

"इनके घर से कोई लेने आए, तो हमको फोन कर देना."

"आपको? पर ये तो आपके कोई नहीं लगते."

"नहीं लगते. फिर भी कर देना."

ऑटो होशंगाबाद रोडला लागला. मग सुचेतानं विचारलं, "आपल्याला कशाला फोन, आई?"

रत्नप्रभाबाई बाहेर बघत होत्या.

"एकीला तरी तिचा माणूस सापडला, एवढं कळू दे मला."